सातव्या पानाचा समास

आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत सातवं पान गावाचं असतं. आधी प्राचार्यांचं मनोगत, मग अभ्यासक्रम, मग वसतिगृहाचे नियम आणि मग गाव. एकोणीस वर्षं ते पान मीच छापायला देत आले. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेल्या, शांत, टुमदार आणि विद्येच्या वातावरणाने भारलेल्या या गावात आमचं कॉलेज रेल्वे स्टेशनपासून अवघ्या दहा मिनिटांवर आहे,’ अशी सुरुवात होती. पुढे रमणीय नदीकाठ होता, आरोग्यदायी हवा होती, मायाळू माणसं होती. यातलं एक वाक्यही मी लिहिलेलं नाही. माझ्या आधीच्या कारकुनाने ते त्याच्या आधीच्या कारकुनाकडून घेतलं आणि मी त्याच्याकडून.

हे सांगताना लाज वाटते, कारण ऑफिसात मला पुरावेबाई म्हणतात. पुस्तिकेचा कच्चा मसुदा झाला की मी प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीने लिहिते, हे खरं आहे असं कोण म्हणतो. प्रयोगशाळेत चाळीस सूक्ष्मदर्शक आहेत? मग समोर प्रयोगशाळा सहायकाची सही हवी. वसतिगृहात दिवसभर गरम पाणी? रेक्टरबाईंनी सही करायला नकार दिला, तेव्हा ते ‘सकाळी सहा ते आठ’ झालं. सही नाही तर वाक्य नाही. लोक वैतागतात, पाठीमागे बोटं मोडतात, पण पुस्तिका चुकत नाही. फक्त सातव्या पानाचा समास इतकी वर्षं कोरा होता. गावाकडे कसला पुरावा मागायचा, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील ऑफिसात आले. ते रागावलेले नव्हते, हे जास्त वाईट. रागावलेल्या माणसाला कसं वाटेला लावायचं ते मला येतं. त्यांनी पुस्तिका काउंटरवर उघडी ठेवली, सातव्या पानावर बोट टेकवलं आणि विचारलं, हा नदीकाठ कुठे आहे, मला बघायचाय. मी खिडकीतून दाखवला. तारेचं कुंपण, पलीकडे पंपहाऊस आणि त्यामागे हिरवट पाण्याचा पट्टा. ते बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांची मुलगी तीन आठवडे रोज फोनवर रडत होती आणि ते तिला परत न्यायला आले होते. तुमची चूक नाही, म्हणाले, आम्हीच वाचून हुरळलो. मग त्यांनी तिचा दाखला मागितला आणि मी मान खाली घालून तो लिहून दिला.

प्राचार्यांना हे कळायला वेळ लागला नाही. ते मितभाषी गृहस्थ आहेत, बोलायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर येतं. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेचं काम निघालं तेव्हा त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं की सातवं पान नव्याने लिहा. जाहिरात नको आणि तक्रारही नको. ज्याला इथे जमेल त्याला ते वाचून कळावं आणि ज्याला जमणार नाही त्यालाही कळावं. तीन आठवड्यांची मुदत दिली.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची चिंगी, यंदा कॉलेजला जाणार होती. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ते कुणी वापरत नाही. तीन ठिकाणी तिला प्रवेश मिळत होता आणि त्यातलं एक आमचं कॉलेज. भाऊ म्हणाला, ताई, तुझ्याजवळ राहिली तर आम्हाला घोर नाही, पण ती म्हणते आत्याशी बोलल्याशिवाय ठरवणार नाही. मग चिंगीनेच त्याच्या हातून फोन घेतला.

“आत्या, गाव कसं आहे ते खरं सांग हं. आईबाबा मला गोड गोड सांगतायत.”

मी तिला म्हणाले की सध्या मी तेच लिहितेय, पान तयार झालं की सगळ्यात आधी तुला पाठवते. फोन ठेवला आणि जीभ चावली.

कारण मला ती यायला हवी होती. आडपडदा कशाला ठेवू? माझं घर कॉलेजच्या फाटकासमोरच, खाली दोन खोल्या आणि वर एक. आई गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून वरच्या खोलीत फक्त मी झाडायला जाते. कॉलेज सुरू असतं तोवर दिवस निघून जातो. मुलं खिडकीशी रांग लावतात, मी त्यांच्यावर खेकसते, ती हसतात, बरं वाटतं. पण शनिवार-रविवार येतात. कधीकधी रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात येतं की शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून मी तोंडातून शब्द काढलेला नाही. मग मी वर्तमानपत्रातल्या दोन बातम्या मोठ्याने वाचते. आवाज शाबूत आहे ना ते बघायला, दुसरं काही नाही. आणि वर्षाकाठची दोन महिन्यांची सुटी आली की असे रविवार एकामागून एक साठ.

म्हणून प्रवेशाचा पत्ता नसताना मी वरची खोली काढायला घेतली. गादी उन्हात टाकली. टेबल सरकवून खिडकीशी नेलं, म्हणजे अभ्यासाला उजेड मिळेल. एका भिंतीला ओल आली होती तिथे रंग लावून घेतला. पडद्याचं कापड मी स्वतः शिवलं आणि ते दोन बोटं आखूड झालं. चिंगी आली की ‘आत्या, हा पडदा आहे की रुमाल’ असं म्हणेल, असं मनात येऊन मी एकटीच हसले. चार वर्षं, असा मी हिशेब करत होते. चार वर्षं खाली चहा ठेवायचा आणि वर हाक मारायची.

आणि दुसऱ्या बाजूला ते पान. पहिल्या वाक्यापासूनच पेच पडला. स्टेशनपासून दहा मिनिटं, हे कुणी मोजलं होतं? एका दुपारी चारच्या गाडीच्या वेळेला मी स्टेशनच्या दारातून निघाले, हातातलं घड्याळ बघत, पर्स खांद्याला लावून. सरळ रस्ता, लाकडाची वखार, बंद पडलेलं टपाल कार्यालय, चढ, मग कॉलेजचं फाटक. बावीस मिनिटं लागली. एकोणीस वर्षं मी लोकांना बारा मिनिटांनी फसवत आले होते आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी सातव्या पानाच्या समासात पहिली नोंद झाली. ‘मी, घड्याळ लावून.’

मग मी गावभर सह्या गोळा करत फिरले. औषधाच्या दुकानदाराला वाटलं मी कसलीतरी वर्गणी मागायला आलेय, त्यामुळे तो आधी आत जाऊन बसला. सायकल दुरुस्तीवाल्याने सांगितलं, हवेचा पंप बाहेरच असतो, कुणीही वापरावा, पण हेही लिहा की नवीन सायकलला एकच कुलूप लावणारा मूर्ख असतो. बसच्या चालकाने सही केली, मात्र ‘बस पाच मिनिटं आधी निघून जाते’ या वाक्यात त्याने ‘कधीकधी’ घालायला लावलं. मी मुकाट्याने घातलं. नियम माझाच होता.

एवढं करून मी जो पहिला मसुदा लिहिला तो विषारी होता. आता मला कळतं तसं का झालं. चिंगीसाठी आपण खोटं लिहू, ही धास्ती मनात होती, म्हणून मी दुसऱ्या बाजूला इतकी कलले की पडलेच. गाव कंटाळवाणं आहे, लोक आतल्या गाठीचे आहेत, करमणूक शून्य, असं खरडून मी तो कागद ग्रंथपालांकडे नेला. ते निवृत्तीला आलेले, ओळीखाली लाकडी पट्टी धरून वाचतात. ते तसे मवाळ आहेत, म्हणून मी शाबासकीच्या अपेक्षेने उभी होते. त्यांची पट्टी पहिल्याच ओळीवर थांबली. त्यांनी विचारलं, ‘कंटाळवाणं’ला सही कुणाची? मी म्हणाले, अर्धं कॉलेज करेल. मग घेऊन या, ते म्हणाले. पुढे सगळं वाचून त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

“जुन्या पानात तुम्ही गाव विकायला काढलं होतं, या पानात त्याच्यावर सूड उगवताय,” ते म्हणाले. “दोन्ही पानांत गाव कुठे आहे?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी जाऊन मी तो मसुदा फाडला आणि पुन्हा बसले. या वेळी ठरवलं की विशेषणाला हात लावायचा नाही. जे दिसतं, जे मोजता येतं आणि ज्याला कुणीतरी सही देतं, तेवढंच लिहायचं. एक एक वाक्य करत पान पुरं व्हायला मला पाच दिवस लागले. ते पान असं झालं.

‘स्टेशनपासून कॉलेज चालत बावीस मिनिटांवर आहे. शेवटी चढ आहे. बस तासाला एक आहे आणि कधीकधी पाच मिनिटं आधी निघून जाते. कॉलेजमागे नदी आहे. काठाला कुंपण असल्यामुळे पाण्याजवळ जाता येत नाही. पुलावरून ती चांगली दिसते, सकाळी विशेष. गावात चित्रपटगृह होतं, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. रविवारी दुपारी एकनंतर दुकानं बंद असतात, जेवणाची सोय आधी करावी. ग्रंथालयात खिडकीजवळ सहा जागा आहेत आणि त्या सकाळी दहाच्या आत भरतात. दुकानदार पहिल्या महिन्यात कामापुरतं बोलतात. दुसऱ्या महिन्यात नाव विचारतात. एकदा नाव कळलं की कॉलेज सोडून गेलेल्यालाही ते नावाने ओळखतात. वसतिगृहात पहिल्या महिन्यात बहुतेकांना रडू येतं. रेक्टरबाईंचं दार त्या वेळी उघडं असतं.’

नावाच्या वाक्याला तीन सह्या मिळाल्या. औषधवाल्याने तर मला अकरा वर्षांपूर्वीच्या एका मुलाचं नाव, त्याचं गाव आणि त्याच्या दम्याची गोळीसुद्धा सांगितली. मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून मी या गावाला नीट विचारलं नव्हतं, असं त्या दिवशी जाणवलं.

आणि मग, सगळ्यात शेवटी, मी आणखी एक वाक्य लिहिलं. ठरवून नाही लिहिलं, हात चालत होता म्हणून लिहिलं गेलं. ‘सुटीत मुलं घरी गेली की गाव रिकामं होतं, आणि मागे राहणाऱ्याला दोन महिने बोलायला माणूस मिळत नाही.’ समासात नियमाप्रमाणे नोंद हवी. कुणाची घेणार? मी लिहिलं, ‘मी. अकरा वर्षं.’

प्राचार्यांनी पान माझ्यासमोरच वाचलं. दोनदा वाचलं. मान डोलावली, म्हणजे त्यांच्या हिशेबाने भाषणच झालं. मग तांबडं पेन काढून त्यांनी शेवटच्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली. मला राग आला. मी म्हणाले, हे खोटं नाही. खोटं नाही, ते म्हणाले, पण सुटीत इथे विद्यार्थी नसतोच. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता ते पुढे बोलले.

“हे गावाबद्दल नाहीये बाई. हे तुमच्याबद्दल आहे.”

ते बोलले ते बरोबर होतं आणि म्हणूनच झोंबलं. मी मसुदा उचलला, स्वच्छ प्रत टंकलेखनाला दिली आणि तांबड्या रेघेचा कागद फाइलला लावायचा म्हणून घरी घेऊन आले.

चिंगीच्या प्रवेशाच्या अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार होती. मंगळवारी तिचा निरोप आला, आत्या, पान? स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यासमोर दोन कागद होते. एक जुनी पुस्तिका, सातव्या पानावर उघडलेली. दुसरा नवा मसुदा. जुन्या पानाचा फोटो काढून पाठवायला काही सेकंद लागले असते. आणि त्यात तसं चुकीचं काय, असं मी स्वतःला समजावत होते. छापलेलं आहे, अधिकृत आहे, हजारो मुलांनी वाचलंय. शिवाय तिच्यासाठी तर गाव खरंच वेगळं असणार, ती वसतिगृहात थोडीच राहणार होती. ती माझ्या घरी राहणार, तिला एकटं कोण पाडणार? मी जुन्या पानाचा फोटो काढलासुद्धा. चांगला आला होता.

पण मग ते वडील आठवले, खिडकीतून पंपहाऊसकडे बघत उभे असलेले. आणि मला डोळ्यांसमोर दिसलं की चिंगी वरच्या खोलीत तोंड दाबून रडतेय आणि मी खाली चहा ठेवतेय. आणि त्या चित्रातली मी खुशीत होते. ती रडत असली तरी वर कुणीतरी आहे, याचीच मला खुशी होती. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. मी तो फोटो पुसून टाकला, नव्या मसुद्याचा काढला आणि दुसरा विचार मनात यायच्या आत पाठवून दिला. तिचं उत्तर आलं, ‘वाचते.’ एवढंच.

बुधवार गेला, गुरुवार गेला. ऑफिसात मी दोन मुलांना विनाकारण फैलावर घेतलं आणि नंतर त्यांची माफी मागितली, तर ती आणखीच घाबरली. शुक्रवारी संध्याकाळी भावाचा फोन आला. तो नको तितका गोड बोलत होता, त्यावरूनच मी ओळखलं. चिंगीने दुसरं कॉलेज घेतलं होतं. मोठ्या शहरातलं. तुझ्या पानाचा फार उपयोग झाला बघ, तो म्हणाला, तिने तीनही ठिकाणं शेजारी शेजारी मांडून नीट ठरवलं. तिला गर्दी लागते, रविवारी उघडी दुकानं लागतात, तुला माहितीये ना तिचा स्वभाव. मी म्हणाले, बरं झालं, विचार करून घेतला ते बरं झालं. वहिनीला सांग मी विचारलंय म्हणून. चिंगी फोनवर आली नाही आणि मीही तिला बोलवायला सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर मी वर गेले. गादीची गुंडाळी केली. टेबल खिडकीशीच राहू दिलं, ते एकटीला परत सरकवणं होईना. मला फार वाईट वाटलं. आपण योग्य ते केलं याचं समाधान मिळतं म्हणतात, मी ते सगळ्या खोलीभर शोधलं. मला फक्त रंगाचा वास आला.

नवीन पान छापलं गेलं. वर्षभरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मुलं आली, नेहमीइतकीच आली. पहिल्या महिन्यात काही रडली, पण यंदा कुणाचे वडील काउंटरवर पुस्तिका घेऊन आले नाहीत. हा पानाचा गुण म्हणायचा की योगायोग, याला सही कोण देणार? म्हणून मी त्याचं श्रेय घेत नाही. सायकलवाल्याने मात्र ते पान दुकानात चिकटवलं आहे, स्वतःचं वाक्य अधोरेखित करून.

चिंगी फोन करायची, महिन्यातून एकदा. कॉलेज, मैत्रिणी, मेसच्या जेवणाला शिव्या. गावाचा विषय आम्ही दोघी टाळायचो. मग परीक्षा संपल्या आणि सुटी लागली. पहिल्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यावर चाकांच्या बॅगांचा खडखडाट होतो, दुसऱ्या दिवशी थोडा होतो, तिसऱ्या दिवशी बंद. औषधाचं दुकान दुपारी उघडत नाही. ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या सहाही जागा रिकाम्या. ग्रंथपाल आता निवृत्त होऊन मुलाकडे गेलेले. ऑफिसात मी आणि शिपाई, आणि शिपायाला ऐकू कमी येतं. संध्याकाळी मी पुलापर्यंत जाऊन येते, कारण कुठेतरी जायला हवं.

आठव्या दिवशी शनिवार होता. दुपारी दार वाजलं. मला वाटलं पाण्याचं मीटर बघणारा असेल. दार उघडलं तर समोर चिंगी. चेहरा उन्हाने लालबुंद, पाठीवर पिशवी, हातात भलीमोठी चाकांची बॅग आणि त्या बॅगेचं एक चाक गायब. तिने आधी हातातला फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यावर वेळ मोजायला लावली होती.

“एकतीस मिनिटं,” ती म्हणाली. “बावीस कुठून आणलीस?”

मी ‘आत ये’ म्हणाले, तर आवाज घोगरा निघाला. आठ दिवसांत तो फारसा वापरलाच नव्हता. मी बाजूला झाले आणि ती आत आली, पाणी प्यायली, आणखी प्यायली, आणि मग मला सांगू लागली की पर्स घेऊन मोजलेली वेळ बॅग घेऊन येणाऱ्याला काय कामाची. सगळी मुलं सामान घेऊनच येतात. हे इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. या गावात राहायला आल्याला मला तेहेतीस वर्षं झाली, त्यात स्टेशनवरून मी स्वतः सामान घेऊन एकदाच आले होते.

चहा झाल्यावर मी विचारलं की असं न कळवता कशी आलीस. तिने फोन काढला, बोटांनी एक फोटो मोठा केला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. माझाच मसुदा होता. तांबडी रेघ, रेघेखालचं वाक्य आणि शेजारी समासात पेन्सिलीने, ‘मी. अकरा वर्षं.’

आमच्या ऑफिसात समास माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. तो कागदाचाच भाग आहे आणि फोटोत येतो, हे मी पार विसरून गेले होते. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि स्वतःची अशी उघड्यावर सोडली. मी खाली बघून कपातली साय बाजूला करत राहिले.

“मला इथलं कॉलेज नको होतं, आत्या. खरंच नको होतं. तुझं पान वाचून कळलं की मला नाही जमणार,” चिंगी म्हणाली. “पण ते खोडलेलं वाक्य डोक्यातून जाईना. कॉलेजचं मी काही करू शकत नव्हते. सुटीचं करू शकत होते.”

मी रडले. तिच्यासमोरच रडले, आणि ती उठून पाठीवरून हात फिरवायच्या ऐवजी वर खोली बघायला गेली, याबद्दल मी तिची ऋणी आहे. वरून तिचा आवाज आला, आत्या, हा पडदा आहे की टॉवेल.

ती दहा दिवस राहिली. पुढे तिला मैत्रिणींबरोबर कुठेतरी जायचं होतं. तिने ते लपवलं नाही, मी मनाला लावून घेतलं नाही, निदान फार नाही. त्या दहा दिवसांत ती अखंड बोलली आणि मी तिच्यावर मनसोक्त खेकसले. सकाळी पुलावर जाऊन तिने कबूल केलं की नदी तिथून चांगली दिसते. औषधवाल्याने नवव्याच दिवशी तिचं नाव विचारलं. तिने घरी येऊन मला विजयी मुद्रेने सांगितलं की पान आणखी एका ठिकाणी चुकलंय, महिना लागत नाही. मी म्हणाले, सुटीत त्याला गिऱ्हाईक नाही म्हणून विचारलं असेल. आम्ही त्यावर पाऊण तास भांडलो.

अकराव्या दिवशी आम्ही दोघी स्टेशनला चालत निघालो, बॅगेचा एक बंद तिच्या हातात, एक माझ्या. उतार असूनही पस्तीस मिनिटं लागली, कारण दोनदा थांबलो. गाडी हलल्यावर तिने खिडकीतून हात केला नाही. फोन वर धरून वेळ दाखवली आणि हसली. परत येताना माझे हात रिकामे होते. वखार, टपाल कार्यालय, चढ. घरी पोहोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती आणि घर होतं तसंच झालं होतं. वर झाडायला जायचं मी दुसऱ्या दिवसावर टाकलं.

मग मी फाइल काढली. नव्या पुस्तिकेचं काम सुटी संपल्यावर सुरू होतं, पण मला तोवर दम निघेना. बावीस मिनिटं खोडून ‘सामान असल्यास एकतीस’ केलं आणि समासात लिहिलं, ‘भाची, घड्याळ लावून.’ पान उलटताना तो जुना मसुदा हाताला लागला, प्राचार्यांच्या तांबड्या रेघेचा. दोन महिने बोलायला माणूस मिळत नाही. प्राचार्यांनी ते माझ्याबद्दल आहे म्हणून खोडलं होतं, आणि मी तो कागद वर्षभर जपला होता कारण ते खरं होतं. आता ते खरं नव्हतं. दहा दिवस माणूस मिळालं होतं. नियम मीच केलेला. मी पेन्सिल घेतली आणि तांबड्या रेघेखाली माझी एक रेघ मारली. समासातलं ‘मी’सुद्धा खोडलं.

त्याच्या जागी नवीन वाक्य काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही. सुटीचे सहा आठवडे बाकी आहेत आणि दारावर कुणी येईल असं मी धरून चाललेली नाही. पुढच्या वर्षापर्यंत ती जागा कोरी ठेवणार आहे. एकाच सुटीच्या पुराव्यावर काही छापू नये.